भेगांच्या वाटेनं विहिरीपर्यंत

मे महिन्यात बीड जिल्ह्यात हौसेनं कोणी जात नाही. मला जावं लागलं ते अण्णांच्या फोनमुळे. अण्णा म्हणजे नेकनूर आणि लिंबागणेशच्या मध्ये, फाट्यावरून आत गेल्यावर लागणाऱ्या एका छोट्या गावातल्या पाणीपुरवठा सहकारी संस्थेचे चेअरमन. गावाचं नाव लिहीत नाही. लिहू नका, असं तिथल्या बायकांनीच सांगितलं आहे.

फोनवर अण्णांचा आवाज नेहमीसारखाच मोठा होता. ते म्हणाले, "म्याडम, आमची सून गेली. सुरेखा. काविळीनं. सात महिन्याची गरवार हुती."

ते पुढे म्हणाले, "गावात वीसेक मानसं पिवळी पडली. समदी उठली, ती तेवढी उठली न्हाई. आता आमाला तुमचा एक कागद पायजे. आपली माती पानी चांगलं गाळती, विहीर चांगली हुती, असं लिवून द्या. मंग ती नासवली कुनी, ते आमी बघतो."

"कोणी नासवली?"

"सालारनं. मोटारवाला. त्यो उतरलता विहिरीत."

मी पुण्यात एका प्रयोगशाळेत मातीचे नमुने तपासते. तीन वर्षांपूर्वी भाद्रपदात या गावात मी चार दिवस राहिले होते. संस्थेनं घरोघरी संडास बांधायचं ठरवलं होतं आणि शोषखड्डे कुठे घ्यावेत हे मला विचारलं होतं. बायकांना ते घराजवळ हवे होते. घरं चढावर, विहीर उताराला. मध्ये साधारण पंचाहत्तर पावलं काळी माती, तिच्याखाली मुरूम. मी नळी ठोकून मातीचे नमुने काढले, पाणी मुरायला किती वेळ लागतो ते पाहिलं आणि 'हरकत नाही' असं लिहून सही केली. तेव्हा टेपचं दुसरं टोक सुरेखानं धरलं होतं. नवी नवरी होती. तिनं विचारलं होतं, "ताई, माती पानी गाळती म्हंजे चाळनीवानी का?" मी म्हणाले होते, "चाळणीपेक्षा चांगलं."

फोन ठेवल्यावर हेच वाक्य मला आठवलं. रजा टाकली, सामान बांधलं आणि निघाले.

नेकनूर, सोमवार

एस.टी.तून उतरले तेव्हा साडेअकरा झाले होते आणि रस्त्यावर माणूस दिसत नव्हतं. मी कोकणातली. आमच्याकडे मे महिन्यात घामानं जीव जातो, पण झाडाखाली गेलं की सावली तरी लागते. इथं सावलीसुद्धा तापलेली होती. गावाकडे जायच्या आधी मी सालारभाईंच्या दुकानात गेले. गेल्या खेपेला विहिरीवरची मोटार त्यांनीच बसवली होती आणि त्या चार दिवसांत आमची ओळख झाली होती. पन्नाशीचा, बारीक अंगाचा, हळू बोलणारा माणूस.

दुकानात उघडलेली एकही मोटार नव्हती. त्यांनी स्टूल पुसून दिलं, घरातून खरबुजाच्या फोडी आणवल्या आणि पहिली फोड माझ्या हातात दिली.

मग म्हणाले, "तुमाला कागद लिवायला बोलवलं ना?"

"तुम्हाला कोणी सांगितलं?"

"सांगायला कशाला पायजे. ताई, फाल्गुनात अवकाळी पाऊस झाला. घंटाभर, पन जोरात. दोन दिसांनी मला बोलावनं आलं, पाइपाच्या तळाचा फुटव्हॉल्व्ह अडकलाय म्हून. मी उतरलो, काडला, साफ केला, बसवला. हातपाय धुवून उतरलतो. पुढच्या महिन्यात लोक पिवळे पडले. कोन उतरलता विहिरीत? सालार. झालं." त्यांनी फडकं घडी करून ठेवलं. "वीस वर्सं त्या गावाचं काम केलं. आता बाकीच्या गावांतबी बोलवत न्हाईत."

मी त्यांना सांगितलं की मी कागद लिहायला नाही, तपासायला आले आहे, आणि कदाचित विहिरीत उतरायला मला त्यांची गरज लागेल.

"त्या विहिरीत मी आता पाय ठिवनार न्हाई," ते म्हणाले. रागानं नाही. जसं एखादा माणूस दुकान आज बंद आहे म्हणून सांगतो तसं.

गावात, मंगळवार

अण्णांची बायको कौसाबाई. पाणी वाटपाचं सगळं काम खरं तर त्याच बघतात. विहिरीचं पाणी प्यायचं बंद झाल्यापासून गाव टँकरवर होतं. टँकर दर तीन दिवसांनी येई आणि संस्थेच्या शेडपुढे ड्रमांची रांग लागे. पाळी पुकारायचं काम एका म्हाताऱ्या गृहस्थांकडे होतं. ते घरमालकाचं नाव घेत नसत, पाणी भरणाऱ्या बाईचं घेत. रात्र नेकनूरला काढून मी सकाळी पोचले, त्याच दिवशी टँकर आला होता. तीन-चार नावं झाली आणि त्यांनी सवयीनं हाक दिली, "सुरेखा!"

रांग पुढे सरकली नाही. म्हाताऱ्यांच्या लक्षात आलं, त्यांनी टोपी काढून हातात घेतली. कौसाबाई घागर घेऊन पुढे झाल्या आणि म्हणाल्या, "आले, आले. पानी सोडा."

आंघोळीला त्यांनी मला बाजेवर बसवलं. बाजेखाली घमेलं. अंगावरून गळलेलं पाणी घमेल्यात, घमेल्यातून म्हशीच्या पुढ्यात. आमच्याकडे पाहुण्याला पाणी विचारत नाहीत, हंडाच पुढे ठेवतात. इथं कौसाबाईंनी एक तांब्या अर्धा भरून दिला आणि मान खाली घातली, जणू चूक त्यांचीच. जेवायला ज्वारीची भाकरी आणि येसराची आमटी होती. येसर म्हणजे धान्य आणि मसाले भाजून दळलेलं पीठ. भाजीपाला नसला की त्याचीच आमटी करतात. चव खमंग, तिखट, आणि दोन घासांत घसा कोरडा. मी पाणी मागितलं नाही.

जेवताना अण्णा म्हणाले, "कागद उद्या लिवा. आज दमल्या असाल."

दुपार कलल्यावर मी एकटीच उताराकडे गेले. आणि तिथं माझे पाय थबकले. भाद्रपदात मी पाहिली ती जमीन लोण्यासारखी मऊ आणि बंद होती. आता ती फाटली होती. दोन वर्षं पावसानं दगा दिलेली काळी माती आकसून तिला भेगा पडल्या होत्या. माझा चपलेसकट पाय एका भेगेत गेला आणि हातातली काचेची बाटली निसटून आत पडली. काढायला म्हणून मी पालथी पडून हात घातला. खांद्यापर्यंत हात गेला तरी बाटली लागेना. टेप सोडली, ती माझ्या कमरेएवढी खाली गेली आणि मुरमावर टेकली.

मी तिथंच बसून राहिले. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते हे मला शिकवलेलं होतं, मीही दुसऱ्यांना शिकवलं होतं. पण सही करताना माझ्या डोळ्यांपुढे भाद्रपदातली जमीन होती.

बुधवार, गुरुवार

बरोबर एक डबी आणली होती. तिच्यात चमकणारे बारीक गोळे होते, इतके बारीक की केसाच्या जाडीत शंभर तरी ओळीनं बसतील. उघड्या डोळ्यांना ते पाण्यात दिसत नाहीत. निळ्या दिव्याच्या मायक्रोस्कोपखाली मात्र पिवळे-हिरवे उजळतात. रोगाचे जंतू याहून लहान असतात, पण मातीतून त्यांची वाट जवळपास तीच. वापरात नसलेल्या शोषखड्ड्याच्या तळात मी ते एका बादली पाण्याबरोबर ओतले. मातीनं बादली गपकन पिऊन टाकली.

मग दोन दिवस दर दोन तासांनी दोराला बाटली बांधून विहिरीच्या तळातलं पाणी काढत होते. सिरिंजनं ते गाळणीच्या कागदातून ढकलायचं आणि डोक्यावर जाड गोधडी घेऊन अंधार करून मायक्रोस्कोपमधून पाहायचं. गोधडीखाली घामानं चष्मा घसरत होता. एकही ठिपका दिसला नाही.

गुरुवारी संध्याकाळी अण्णा ओट्यावर येऊन बसले. "न्हाई ना आलं काय?"

"नाही आलं."

"मंग झालं की. माती गाळती. लिवा."

कबूल करते, त्या क्षणी मला लिहावंसं वाटलं. हातात खरा निकाल होता. त्यावर सही केली असती तर माझी तीन वर्षांपूर्वीची सही बरोबर ठरली असती, अण्णांच्या घराला दोष द्यायला माणूस मिळाला असता, आणि मी शुक्रवारच्या गाडीनं घरी गेले असते. कौसाबाई भाकरी थापत होत्या. त्यांनी विचारलं, "ताई, गप कावून झालात?"

मी त्यांना समजावून सांगितलं. माती पुरती भिजलेली नसते तेव्हा तिच्या पोकळ्यांत थोडं पाणी असतं आणि थोडी हवा. पाणी मातीच्या कणांना पातळ पापुद्र्यासारखं चिकटून असतं. बारीक जंतू त्या पापुद्र्यात, पाणी आणि हवा जिथं भेटतात तिथं अडकतात. दुधावर साय धरते तसे वर धरून राहतात. माती वाळत गेली की पापुद्रा आणखी पातळ होतो आणि त्यांना कणाशी दाबून धरतो. म्हणून बादलीभर पाण्यानं काही खाली आलं नाही. "पण मोठा पाऊस एकदम आला की उतरणाऱ्या पाण्याची जी पुढची कड असते ना, ती अडकलेल्यांना खरवडून घेते. आणि भेग मिळाली की थेट खाली नेते. ते मी अजून तपासलं नाही."

"मंग तपासा."

"त्याला पाणी लागेल, कौसाबाई. अवकाळीएवढं. अर्धा टँकर तरी. आणि ते जमिनीवर ओतावं लागेल."

भाकरी तव्यावर करपली. अण्णा उठून उभे राहिले. "प्यायला पानी न्हाई, आन मातीवर वतायचं?"

कौसाबाईंनी भाकरी उलटली. "मी इचारते बायकांना," एवढंच त्या म्हणाल्या.

शुक्रवार

बायकांनी काय ठरवलं, कोण हो म्हणालं, कोण भांडलं, मला कळलं नाही. सकाळी टँकर आला आणि कौसाबाईंनी अर्धा उताराकडे लावायला सांगितला. पाइपाच्या तोंडाला भोकाभोकांचा डबा बांधून मी त्या शोषखड्ड्यावर आणि त्याच्या खालच्या उतारावर पावसासारखं पाणी पसरत होते. गाव काठाला उभं राहून बघत होतं. जमिनीतून फस्‌फस् असा आवाज येत होता, भेगांतली हवा वर ढकलली जात होती. एक म्हातारी कळशी घेऊन आली आणि ती पाण्याच्या धारेखाली धरून उभी राहिली. माझ्या हातून पाइप बाजूला होईना. कौसाबाई आल्या, तिचा हात धरून तिला बाजूला नेलं, आणि परत येताना पदरानं डोळे पुसत होत्या. टँकरवाल्यानं तोंड फिरवलं.

वरून ओतलेल्या पाण्यानं विहिरीच्या तळातलं पाणी आता ढवळलेलं असणार. मला विहिरीच्या चढाकडच्या भिंतीतला झरा हवा होता, आणि तिथं पोचायला निसरड्या कपारींवरून उतरावं लागतं. कौसाबाईंनी आदल्या संध्याकाळीच फोन केला होता. "सालार, मी कौसाबाई बोलती. ये." दुसरं काही बोलल्या नव्हत्या. अकराच्या सुमाराला सालारभाई मोटारसायकलवरून आले आणि विहिरीपासून दहा पावलांवर थांबले.

अण्णा म्हणाले, "ह्यो हितं न्हाई पायजे."

"मंग तुमी उतरा," कौसाबाई म्हणाल्या.

अण्णा गुडघेदुखीचे. ते शेडकडे निघून गेले. सालारभाईंनी सगळ्यांसमोर साबण मागितला, कोपरापर्यंत हात धुतले, पाय धुतले, आणि उतरले. दिवसभरात सात वेळा.

पहिल्या तीन बाटल्यांत काही नव्हतं. चौथ्या बाटलीचा कागद मायक्रोस्कोपखाली घातला तेव्हा एका कोपऱ्यात पिवळा-हिरवा ठिपका होता. धूळ असेल म्हणून कागद सरकवला. आणखी दोन. पाचव्या बाटलीत मी मोजणं सोडून दिलं. गोधडीखाली किती वेळ बसले होते कोण जाणे. बाहेरून सालारभाईंनी विचारलं, "ताई, ठीक हाय ना?"

मी गोधडी वर केली, हे गोळे मातीत कसे अडकून राहतात ते थोडक्यात सांगितलं आणि त्यांना जागा दिली. त्यांनी एक डोळा मिटून पाहिलं, बराच वेळ.

"हे तर लई हायेत," ते म्हणाले. मग मान वर करून, "म्हंजे अडकले होते ते मेले न्हवते. बसले होते."

"हो. बसले होते."

त्यांना आनंद झालेला दिसला नाही. ओले कपडे पिळत ते म्हणाले, "पोर चांगली हुती. उतरलो की वरून चहा सोडायची दोरानं."

शनिवार

सकाळी शेडमध्ये लोक जमले. मी जे सांगायचं ते साध्या शब्दांत सांगितलं. दुष्काळात जमीन फाटली; शोषखड्ड्यातली घाण भेगांच्या कडांशी वाळून धरून राहिली; फाल्गुनातल्या तासाभराच्या पावसानं ती सोडवली आणि मुरमातून विहिरीत नेली. सालारभाईंचा याच्याशी संबंध नाही. ते उतरले नसते तरी हेच झालं असतं.

अण्णांनी विचारलं, "म्हंजे संडास बांधले म्हून सून गेली?" त्यांचा आवाज पहिल्यांदाच लहान आला.

"नाही. मी जागा चुकीची सांगितली म्हणून. जमीन ओली असताना पाहिली आणि सही केली. उन्हाळ्यात येऊन पाहायला हवं होतं."

मला ओरडा हवा होता. कोणी ओरडलं नाही. पाळी पुकारणारे म्हातारे गृहस्थ तेवढे म्हणाले, "तुमी तर शिकलेल्या." त्यात राग नव्हता. ते खरंच चकित झाले होते.

मग कामाचं बोलणं झालं. शोषखड्डे बुजवून विहिरीच्या खालच्या अंगाला घ्यायचे, तोवर विहीर बंद, मोटार वर काढायची. मोटार काढायला सालारभाई पुन्हा उतरले. दोर धरायला माणूस हवा होता. तीन-चार तरुण पुढे झाले तसे अण्णा त्यांच्यातून वाट काढत आले आणि दोर स्वतःच्या कमरेला वेढून उभे राहिले. दुखऱ्या गुडघ्यांनिशी अर्धा तास. माफी वगैरे काही मागितली नाही. मोटार वर आली, मागोमाग सालारभाई आले, तेव्हा अण्णांनी हात पुढे केला. सालारभाईंनी क्षणभर त्याकडे पाहिलं आणि काठाचा दगड धरून स्वतःच वर आले.

जाताना त्यांनी मला विचारलं, "सोडू का नेकनूरला?" मी म्हणाले, उद्या सकाळी जाईन. "आता कामाला बोलवतील," ते म्हणाले. "यावं का, ते अजून ठरवलं न्हाई."

फाटा, रविवार

कौसाबाई मला फाट्यापर्यंत पोचवायला आल्या. माझी जड पेटी त्यांनीच डोक्यावर घेतली, देईनात. वाटेत दोन्ही बाजूंना भेगाळलेली रानं होती. फाट्यावर बाभळीखाली पेटी ठेवून त्यांनी पदर सारखा केला आणि माझ्याकडे न बघता विचारलं,

"ताई, एक इचारते. खरं सांगा. मी पानी उकळून दिलं आस्तं तिला, तर वाचली आस्ती का?"

या प्रश्नाची भीती मला सोमवारपासून होती. कौसाबाई विहिरीचं पाणी उकळत नव्हत्या कारण मी तीन वर्षांपूर्वी शेडमध्ये उभी राहून सांगितलं होतं की पाणी मातीतून गाळून येतं. खोटं बोलायला शब्द तयार होते. सांगता येत नाही, दैव, वगैरे. पण या बाईनं गावाच्या तोंडचं अर्धा टँकर पाणी मातीवर ओतायला लावलं होतं, ते खरं काय हे कळावं म्हणून.

"बहुतेक वाचली असती," मी म्हणाले. "उकळायची गरज नाही असं तुम्हाला माझ्याच बोलण्यावरून वाटलं. दोष माझा आहे."

त्यांनी मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, मला समजलं नाही. खाली बसून त्यांनी बाभळीच्या मुळाशी हात टेकला आणि तशाच बसून राहिल्या. मी त्यांच्याजवळ बसले. खांद्यावर हात ठेवावा असं वाटलं, ठेवला नाही.

लांबून एस.टी. दिसली. रविवारची गाडी फाट्यावर थांबतेच असं नाही. ड्रायव्हर वेग कमी करेना तेव्हा कौसाबाई उठल्या आणि रस्त्याच्या मधोमध जाऊन दोन्ही हात वर करून उभ्या राहिल्या. गाडी कचकन थांबली. ड्रायव्हर खेकसला, त्यांनी लक्ष दिलं नाही. पेटी उचलून दारातून आत सरकवली.

मी पायरीवर चढून वळले आणि आपण म्हणतो तसं म्हणाले, "येते, कौसाबाई."

त्यावर 'या' म्हणायचं असतं. त्या रस्त्याच्या कडेला उभ्या होत्या, ओठ हलले, पण शब्द आला नाही. कंडक्टरनं घंटी दिली.